कुंपणातली एक तार

"बाई, परत वाचा. सावकाश."

तिप्पण्णा माझ्या टेबलासमोर उभे होते. मशीन चालूच ठेवून आले होते, त्यामुळे मागून जाळी विणल्याचा खडखडाट येत होता आणि मला ओरडून वाचावं लागत होतं. पेपर कालचा होता. त्यात त्यांची शेंगाचटणी बांधून आली होती आणि चटणी संपल्यावर खाली ही बातमी सापडली होती. तिप्पण्णांची शाळा कानडी. मराठी त्यांना मथळ्यापुरतं वाचता येतं. बाकीचं वाचायला मी आहेच.

"'देशाच्या सीमेवर भक्कम अडथळे उभारण्यासंबंधीचं विधेयक संसदेच्या याच अधिवेशनात मांडलं जाण्याची शक्यता आहे,'" मी वाचलं. "'उघड्या सीमाभागात कुंपण, भिंत किंवा अन्य अडथळे...'"

"आदी काय म्हणलं? कंपाउंड का भिंत?"

"आधी कुंपण."

"मग आपलंच काम हाय की."

मी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींच्या यंत्रमागांच्या गर्दीत आमची एक पत्र्याची शेड आहे. तिथे सूत नाही, तार विणतात. शेताला, शाळेला, कारखान्याला तारेच्या जाळीचं जे कंपाउंड असतं, ते आम्ही करतो. दोन मशिनं, एक टेम्पो आणि बोटांवर मोजण्याइतकी माणसं. हिशेब, फोन आणि चहाची वेळ माझ्याकडे. एवढ्या बळावर देशाची हद्द बंद करायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"तिप्पण्णा, कायदा अजून झालेला नाही. आधी मांडणार, मग चर्चा, मग मतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं चाललंय तुमचं."

"तुरी आल्यात की बाजारात. कालच शेंगा बगितल्या," ते म्हणाले, आणि कागदाची घडी करून खिशात घालून मशीनकडे गेले.

मला वाटलं विषय संपला. पण संध्याकाळी अवधूत आला आणि त्यानेच तो पुन्हा काढला. अवधूत म्हणजे आमचा मालक. वडिलांच्या मागे त्याने ही शेड सांभाळली. शिकलेला इंजिनिअर आहे, पण लहानपणी याच शेडमध्ये तारेच्या बंडलावर बसून त्याने डबा खाल्लाय. मला तो ताई म्हणतो आणि तिप्पण्णांना मामा, त्यामुळे मालक म्हणून रागावणं त्याला कधी नीट जमलं नाही. त्याने सांगितलं, की कायदा होईल या अंदाजाने एका मोठ्या ठेकेदाराने आतापासूनच लहान कारखान्यांकडून नमुने बघायला सुरुवात केली आहे. त्यांचा माणूस मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येच्या सणाआधी सोलापुरात येणार होता.

"मामा, दहा फूट उंच नमुना लागेल. बारीक घराची जाळी. जमेल?"

"जमंल का म्हणून काय इचारता? ताणून हुबी करतो. टिचकी मारली की वाजंल."

त्या दिवसापासून तिप्पण्णांचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. अर्धा जिल्हा त्यांच्या हाताने बंद झालेला आहे. सांगोल्याच्या डाळिंबांच्या बागा म्हणू नका, जेऊरकडची उसाची रानं म्हणू नका. एकदा मापं घ्यायच्या कामासाठी मी त्यांच्याबरोबर सांगोल्याला गेले होते, तर एसटीच्या खिडकीतून त्यांचं चाललेलं, "ह्ये आपलं. त्ये मागचं दुसऱ्याचं, बगा कसं ढिलं पडलंय. ह्येबी आपलं." शेजारची बाई मला विचारायला लागली, की एवढी जमीन आहे का यांची.

आणि प्रत्येक कंपाउंडला त्यांचा एक रिवाज असतो. तारेची जाळी म्हणजे काय, तर नागमोडी तारा एकमेकींत अडकवत नेलेल्या. त्यातली एक तार वरून फिरवत फिरवत बाहेर काढली, की जाळी तिथे दोन भागांत सुटते. परत तशीच फिरवत घातली, की पहिल्यासारखी. हे सगळ्याच जाळ्यांचं असतं, कुणी त्याचं कौतुक करत नाही. पण तिप्पण्णा काम संपलं, की मालकाच्या हाताला धरून एका ठिकाणी नेतात. तिथल्या तारेची टोकं त्यांनी मुद्दाम डावीकडे वळवलेली असतात. "ही तार ध्यानात ठिवा. मळणीचं मशीन आत घ्यायचंय, म्हस पलीकडं अडकली, काय बी हुंदे. ही काडायची, परत घालायची. कापाकापी करायची न्हाय." शेतकऱ्याचा चेहरा तिथे खुलतो. आमची निम्मी गिऱ्हाइकं त्या एका तारेवर आली आहेत.

एकच कंपाउंड असं होतं, की ते तिप्पण्णा कुणाला दाखवत नसत.

ते मला गिरिजाबाईंकडून कळलं. गिरिजाबाई म्हणजे त्यांची बायको. घरी कडक भाकरी करून दुकानांना घालतात आणि शनिवारी माझ्यासाठी एक पुडा घेऊन शेडवर येतात. तिप्पण्णांचं गाव अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिथे वडिलांच्या मागे दोघा भावांत रान वाटलं गेलं. थोरले नागप्पा गावातच राहिले, आई शरणम्मा त्यांच्याकडे. एका पेरणीला नागप्पांनी बांध कोरला, असं तिप्पण्णांचं म्हणणं. औत बैल ओढतात, मी कशाला कोरू, असं नागप्पांचं. वीतभर जमिनीवरून बोलणं वाढलं आणि तिप्पण्णांनी सोलापुरातून टेम्पो भरून जाळी नेऊन दोन्ही रानांच्या मधोमध कंपाउंड घातलं. शेडमधली सगळ्यात चांगली तार वापरली होती. तेव्हापासून भाऊ भावाशी बोललेला नव्हता. म्हातारीला भेटायला तिप्पण्णा घरी जात, नागप्पा तेवढा वेळ पारावर जाऊन बसत.

"त्येचं आमी काय वाटून घेत नव्हतो बाई," गिरिजाबाई म्हणाल्या. "पर यंदा अव्वानं हट्ट धरलाय." अव्वा म्हणजे सासूबाई, शरणम्मा.

वेळ अमावास्येला त्या भागात सगळं गाव रानात असतं. कडब्याची खोप करतात, त्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात. पालेभाज्या आणि दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, शेंगाची पोळी, खीर असा स्वयंपाक असतो. जेवणाआधी घरातलं मोठं माणूस आंबिलाचं मडकं घेऊन रानाला फेरा घालतं आणि पिकावर आंबील शिंपतं. त्याला चरग म्हणतात. तिप्पण्णांच्या वडिलांच्या मागे तो मान शरणम्मांकडे आला. पण कंपाउंड झाल्यापासून त्या नागप्पांच्या अर्ध्या रानात फेरा घालत, जाळीपर्यंत येत आणि वळत. पलीकडे गिरिजाबाई घालत.

"आता त्या म्हणत्यात, मला यंदा सगळं रान फिरायचंय. गुडघे पुढल्या साली साथ देतील का न्हाय, काय सांगावं. अर्दा फेरा म्हंजे फेरा न्हवं, म्हणत्यात."

"मग रस्त्याने वळसा घालून नेता येईल की त्यांना तुमच्या रानात."

"रानाबाहीर पाय टाकला की फेरा तुटला. तसलं चालत न्हाय आमच्यात."

"आणि तिप्पण्णा काय म्हणतात?"

"अण्णानं एक शबूद टाकावा, लगेच तार काडतो, म्हणत्यात. आन् भावजी म्हणत्यात, ज्यानं घातलंय त्यानं काडावं, मी का बोलू." गिरिजाबाईंनी पदर खोचला. "त्यात ह्येंनी गावभर सांगून ठिवलंय, देशाच्या हद्दीला माजं कंपाउंड लागणार. त्ये ऐकून भावजी पारावर काय बोलले म्हायती हाय का? म्हणले, देशाची हद्द बांदायला निगालाय, घरच्या म्हातारीला वाट द्यायला न्हाय जमत."

हे तिप्पण्णांच्या कानावर गेलेलंच होतं. मी दुपारच्या चहाला नुसतं "अमावास्या आली जवळ," एवढंच म्हणाले, तर ते कपातला चहा हलवत बसले. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. आईवर त्यांचा जीव होता. पण दोन भावांच्या मधल्या गोष्टीत एकदा मान अडकली, की ती सोडवायला तिसऱ्याचा हात लागतो, आणि तो हात मालती नावाच्या कारकुनाचा नसतो, हे मला कळतं. मी बिस्किटाचा पुडा पुढे केला.

नमुना मात्र फार देखणा झाला. शेडच्या मागे चार लोखंडी खांब उभे करून त्यावर दहा फूट जाळी ताणली. खरंच टिचकी मारली की वाजत होती. ठेकेदाराचा माणूस यायच्या दिवशी तिप्पण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि दिवसभर मशीनपासून दोन हात लांब उभे राहिले.

आलेल्या साहेबांचं नाव वेणीमाधव. पन्नाशीचे, हळू बोलणारे, बुटांना धूळ लागलेले. मला वाटलं होतं कुणी ऐटबाज माणूस येईल, पण ते आधी नळावर हात धुऊन आले आणि मग जाळीला हात लावला. मापं घेतली, फोटो काढले. बुटाचं टोक जाळीच्या घरात घालून बघितलं, ते बसलं नाही. मोठी कात्री मागवून तार दाबून बघितली. मग मागे सरून त्यांनी ती पूर्ण बघितली.

"काम सुबक आहे," ते म्हणाले. "इतकी सरळ जाळी मी या दौऱ्यात बघितली नाही."

अवधूतचे कान लाल झाले. मी चहा ओतायला घेतला. एवढ्यावर थांबलं असतं तर काय बिघडलं असतं?

"सायेब," तिप्पण्णा पुढे झाले, "येक गोष्ट ऱ्हायली दावायची."

अवधूतने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. तिप्पण्णा तोवर शिडी लावून वर चढले होते. डावीकडे वळवलेली टोकं त्यांनी पकडीने सरळ केली, आडव्या तारेची कडी सोडली आणि ती एक तार फिरवायला लागले. नवी तार, तेल लावलेली. सरसर वर आली. शेवटचा पीळ सुटला, तशी दहा फूट उंचीची जाळी मधोमध दुभंगली आणि दोन्ही बाजूंना झुकली.

"बगा. कापायचं काम न्हाय, मोडायचं काम न्हाय. एक माणूस उगडतो, एक माणूस लावतो. आमच्या समद्या कंपाउंडाला ठिवतो आमी."

वेणीमाधव साहेब पुढे झाले. त्या फटीतून पलीकडे गेले. पलीकडून आमच्याकडे बघितलं. मग परत अलीकडे आले.

"मामा," ते म्हणाले, "हे तर दार झालं."

"व्हय की," तिप्पण्णा शिडीवरून खुशीत म्हणाले. "दारच म्हणायचं."

साहेब तारेच्या बंडलावर बसले आणि हसायला लागले. कुचकं हसणं नव्हतं ते. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग त्यांनी समजावून सांगितलं, की कायद्याच्या मसुद्यात पहिलीच अट आहे, अडथळा हातातल्या साध्या अवजाराने उघडता येऊ नये. सगळे सांधे वितळवून जोडलेले पाहिजेत. विणलेली जाळी नकोच. ते त्यांनाही आधी पूर्ण ठाऊक नव्हतं, मसुदा परवाच हातात पडला होता. काम इतकं चांगलं होतं, की काहीतरी मार्ग काढू असं मनात आलं होतं. पण आता डोळ्यांनी बघितल्यावर कसं म्हणणार?

तिप्पण्णा शिडीवरून उतरले. "पर सायेब, पलीकडं ढोर गेलं, तर आणायचं कसं?"

"त्याला फाटक असतं, मामा. फाटकावर शिपाई असतो. तो बघून सोडतो."

तिप्पण्णा शिडी उचलून भिंतीला लावायला गेले. खरं म्हणजे उत्तर बरोबरच होतं.

कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते असं. मी अवधूतच्या तोंडाकडे बघत होते, आता हा फुटणार. त्याने मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले. तोही हसत होता. जाताना वेणीमाधव साहेबांनी त्याच्याकडून जेऊरच्या घरच्या शेतासाठी कंपाउंडचा भाव घेतला आणि निक्षून सांगितलं, की उघडणारी तार पाहिजे. विहिरीकडे ट्रॅक्टर नेताना दरवेळी फार पंचाईत होते.

"मामा, सांगोल्याची गाडी भरून ठेवा," अवधूत म्हणाला.

तिप्पण्णा मात्र दोन दिवस दुपारच्या चहालाही टेबलाशी आले नाहीत. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुमची चूक काही नाही. देशाच्या हद्दीवर म्हैस अडकत नाही, तिथे त्या तारेचा काय उपयोग?"

"उपेग न्हाय, खरं हाय," ते म्हणाले. पकडीचा दांडा फडक्याने पुसत होते, तो आधीच स्वच्छ होता. "पर मला आदी सुचलंच न्हाय बगा, की उगडत नसलेलं बी कंपाउंड आसतंय. कदी केलंच न्हाय मी तसलं." मग थोड्या वेळाने, "अमाशाला यायचं बरं का तुमी. अवधूतदादांनाबी आणा. गिरिजानं सांगितलंय."

मी हो म्हटलं. म्हातारीचं काय ठरलं, हे विचारावंसं वाटत होतं, तोवर ते मशीनकडे गेले होते.

वेळ अमावास्येला सकाळी अवधूतच्या गाडीतून आम्ही निघालो. अक्कलकोट सोडलं तसं दोन्ही बाजूंच्या रानांतून माणसंच माणसं. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, हरभरा घाट्यात आलेला. गाडी जरा हळू झाली, की कुणी ना कुणी हात करायचं, "या, जेवून जावा." ओळख असायची गरज नाही त्या दिवशी. अवधूत म्हणाला, अशाने आपण पोचेपर्यंत पोट भरेल.

तिप्पण्णांचं रान रस्त्याला लागूनच होतं. कोपऱ्यात कडब्याची खोप, तिच्यात नवे पाच दगड चुन्याने रंगवलेले. मधोमध ते कंपाउंड. मी आयुष्यात पुष्कळ जाळी बघितली, पण इतकी पक्की घातलेली नाही. खांब जवळजवळ रोवलेले, त्यांच्या बुडाशी सिमेंट ओतलेलं. तारेवर आता गंजाची लाली चढली होती. पलीकडे नागप्पांचं रान, मोठा लिंब आणि त्याच्याखाली जुनी खोप. दोन्हीकडे चुली पेटल्या होत्या. दोन्हीकडे भज्जीचाच वास होता, आणि दोन्ही घरांतली माणसं एकमेकांकडे पाठ करून कामाला लागलेली होती.

पूजा झाली. गिरिजाबाई आंबिलाचं मडकं घेऊन निघणार, तेवढ्यात पलीकडून चरग शिंपतानाची हाळी आली, "हुलिग्योऽ हुलिग्योऽ." शरणम्मा निघाल्या होत्या. बुटकी, वाळकी बाई. हिरवं लुगडं, कपाळावर विभूती. एका काखेत मडकं, दुसऱ्या हातात लिंबाचा डहाळा. मडक्यात डहाळा बुडवायचा, ज्वारीवर शिंपडायचं आणि पाऊल टाकायचं. दर चार पावलांना थांबून त्या गुडघ्यावर हात ठेवत होत्या. मागून नागप्पा चालत होते, उंच, पांढऱ्या मिशांचे, आईला हात न लावता पण पडली तर धरता येईल इतक्या अंतरावर.

लिंबाला वळसा घालून त्या जाळीपाशी आल्या. दरवर्षी तिथून वळतात, असं मला सांगितलेलं होतं. यंदा त्या वळल्या नाहीत. जाळीला जवळजवळ नाक लावून उभ्या राहिल्या. मडकं काखेत तसंच.

"दारी बिडो," त्या म्हणाल्या.

"वाट सोड, म्हणत्यात," गिरिजाबाई माझ्या कानात पुटपुटल्या.

कुठल्या मुलाला म्हणाल्या, ते कळलं नाही. एक समोर होता, एक मागे. तिप्पण्णा अलीकडे हात मागे बांधून उभे होते. नागप्पा ज्वारीच्या कणसाकडे बघत होते. आंबील मडक्याच्या काठावरून शरणम्मांच्या लुगड्यावर ठिबकत होतं आणि त्या काही हलेनात. मला वाटलं, आता ही म्हातारी इथून परत फिरली, तर या दोघांना पुढे जन्मभर जेवण गोड लागणार नाही.

"पक्कड न्हाय आणली म्या," तिप्पण्णा शेवटी म्हणाले. कुणाला उद्देशून नाही, असेच समोर बघून. मला ते खोटं वाटलं आणि खरंही वाटलं.

नागप्पा वळले आणि लिंबाकडे चालायला लागले. गिरिजाबाईंनी डोळे मिटून घेतले. पण ते खोपीत शिरले आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पक्कड होती. जुनी, दांड्याला दोरा गुंडाळलेली. जाळीच्या बारीक घरातून ती पलीकडे जाणार नव्हती. नागप्पांनी हात वर केला, टाचा उचलल्या आणि जाळीच्या वरून ती धाकट्या भावासमोर धरली.

तिप्पण्णांनी ती घेतली.

ते सरळ तिसऱ्या खांबाच्या डाव्या अंगाला गेले. शोधावं लागलं नाही. मी जवळ जाऊन बघितलं. तारेची टोकं डावीकडे वळवलेली होती. इतक्या रागाने घातलेलं कंपाउंड, खाली सिमेंट ओतलेलं, आणि त्यातही ती तार होती. हाताला सवयच तशी, दुसरं काय.

तार मात्र गंजून बसली होती. वरून पीळ दिला, की खालून अडकायची. तिप्पण्णा दोनदा थांबले. तेव्हा नागप्पा खाली उकिडवे बसले, खालचं टोक मुठीत धरलं आणि म्हणाले, "फिरव आता."

"सैल धरा अण्णा. सोबत फिरवा."

"तसंच धरलंय. तू फिरव."

गंजाचा लाल भुगा नागप्पांच्या मिशांवर पडत होता. बऱ्याच वेळाने तार सुटली. जाळी दोन्ही बाजूंना झुकली आणि माणूस जाईल एवढी वाट झाली. शरणम्मांनी कुणाकडे बघितलं नाही. डहाळा मडक्यात बुडवला, "हुलिग्यो" म्हटलं आणि पाऊल अलीकडे टाकलं.

सगळं रान त्या फिरल्या. फार वेळ लागला. आम्ही सगळे मागून, कानडी-मराठी कुणाला काय येईल त्यात हाळी देत. अवधूतसुद्धा देत होता. शेवटी फेरा पुरा करून त्या वाटेपाशी आल्या तेव्हा मडकं रिकामं होतं आणि एक हात गुडघ्यावर होता. आता त्या पलीकडे लिंबाखाली जातील असं सगळ्यांना वाटलं, पण त्या होत्या तिथेच बसल्या. बरोबर वाटेत, दोन खांबांच्या मध्ये, एक गुडघा इकडे आणि एक तिकडे.

"अव्वा, खोपीत चल की," नागप्पा म्हणाले.

"कुटल्या?" त्यांनी मराठीत विचारलं. "हितंच वाडा."

मग काय करणार? गिरिजाबाईंनी इकडून ताट आणलं, नागप्पांच्या बायकोने, भीमाबाईंनी, तिकडून. म्हातारी मधे बसली म्हटल्यावर बाकीच्यांना लांब बसता येईना. पंगत जाळीच्या दोन्ही अंगांना बसली आणि भज्जीची पातेली तिच्या डोक्यावरून इकडची तिकडे जाऊ लागली. तिकडची भज्जी जास्त चांगली होती, हे मी गिरिजाबाईंना अजून सांगितलेलं नाही. भाऊ जेवताना बोलले ते एवढंच, की यंदा हरभऱ्याला घाटे बरे धरलेत, आणि लिंबाची एक फांदी तोडायला झाली आहे. मी इतकी पोटभर कधी जेवले नसेन.

उन्हं कलली तेव्हा नागप्पा म्हणाले, "तार घाल. रातीला डुकरं येत्यात."

दोघांनी मिळून ती परत घातली. एक वरून फिरवत होता, एक खालून देत होता. जाळी पहिल्यासारखी झाली. तिप्पण्णांनी टोकं वळवायला पक्कड लावली, आणि मग काढून घेतली. ती त्यांनी जाळीवरून थोरल्या भावाच्या हातात दिली.

"गाठ मारत न्हाईस?"

"ऱ्हाऊंदे. पुढल्या साली आणि कोण सोडत बसंल."

नागप्पांनी पक्कड कमरेला खोचली. गाडीपर्यंत सोडायला मात्र दोघेही आले, एक इकडून, एक रस्त्याने वळसा घालून.

हे मागल्या वर्षीचं. त्यानंतर ते विधेयक मांडलं गेलं, मग एका समितीकडे गेलं, असं पेपरात आलं. तिप्पण्णांनी वाचायला सांगितलं नाही आणि मीही काही काढलं नाही. वेणीमाधव साहेबांच्या जेऊरच्या शेताचं काम मात्र झालं. उन्हाळ्यात शरणम्मा गेल्या. झोपेतच गेल्या. तिप्पण्णा बाराव्यानंतर कामावर आले, मशीन लावलं, आणि दुपारी माझ्यासमोर बसून चहा पिता पिता एकदम रडले. "फेरा पुरा करून गेली बगा," एवढंच म्हणाले.

यंदाच्या अमावास्येला मी परत गेले. तार जाळीत नव्हती. लिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवली होती आणि तिच्यावर दोडक्याचा वेल चढला होता. दोन खांबांच्या मधल्या वाटेवरचं गवत पायांनी मेलं होतं. डुकरांचं काय करता, हे मी विचारलं नाही.

मडकं या वेळी गिरिजाबाईंनी घेतलं आणि भीमाबाई डहाळा शिंपत होत्या. सगळं रान फिरून दोघी त्या वाटेपाशी आल्या आणि थांबल्या. कुणीतरी उठून वाट देईल, तशा थांबल्या. मग वाटेच्या मधोमध, मागल्या वर्षी शरणम्मा बसल्या होत्या तिथे, केळीचं पान मांडलं. नागप्पांनी त्यावर भज्जी वाढली, तिप्पण्णांनी आंबिलाची वाटी ठेवली, आणि पंगत दोन्ही अंगांना बसली.